आवडलेली मालिका संपल्यावर पुढची कशी शोधावी : एपिक फॅन्टसीच्या नव्या वाचकांसाठी

माझ्या भाचीने बारावीच्या सुट्टीत जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या एपिक फॅन्टसी (कल्पित जगात घडणारी, जादू असलेली भव्य कथा) मालिकेची प्रसिद्ध झालेली पाचही पुस्तके वाचून काढली आणि मला फोन केला, "मावशी, अगदी असंच दुसरं काहीतरी दे." मी मोठ्या उत्साहाने रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'चा पहिला खंड तिच्या हाती ठेवला. दोन्ही मालिका अवाढव्य, दोन्हींत राजघराणी, नकाशे आणि युद्धे, दोन्हींची सुरुवात एकाच दशकातली. मला निवड बिनचूक वाटली होती. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आले, तेव्हा दोनशेव्या पानाच्या आसपास लोकलचे जुने तिकीट खुणेसाठी तसेच घातलेले होते. "चांगलं आहे गं, पण हे तसं नाही," एवढेच ती म्हणाली.

चूक माझी होती. मी पुस्तकांची जाडी आणि नकाशे जुळवले होते, पण तिला नेमके काय आवडले हे विचारलेच नव्हते. त्यानंतर तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही मी ज्या क्रमाने शोध घेऊ लागले, तो क्रम येथे मांडत आहे. त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना सर्वाधिक वेळ द्यावा, कारण त्या घाईने उरकल्या तर पुढच्या सगळ्या श्रमांतून पुन्हा जाडी आणि नकाशेच हाती येतात.

पहिली पायरी : प्रसंग लिहून काढणे

संपलेल्या मालिकेतले असे तीन प्रसंग आठवून कागदावर लिहावेत, जे वाचताना आपले उतरायचे स्टेशन चुकले, जेवायला बोलावलेले ऐकू आले नाही किंवा रात्री दिवा मालवायचा राहून गेला. 'पात्रे जिवंत आहेत', 'विश्व भव्य आहे' अशी परीक्षणातली वाक्ये लिहू नयेत. ती शंभर मालिकांना लागू पडतात आणि म्हणूनच शोधाच्या कामी येत नाहीत. कोण कोठे होते, काय चालले होते आणि आपल्याला कशाची उत्सुकता लागली होती, एवढे नोंदवले की पुरे.

भाचीच्या कागदावरचा पहिला प्रसंग 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' या दुसऱ्या पुस्तकातला होता. (ते न वाचलेल्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे.) राजधानीत नव्याने आलेल्या टिरियनला राणीकडे बातम्या कोण पोहोचवतो हे शोधून काढायचे असते. राजकन्येचा विवाह कोठे करायचा याविषयी तो दरबारातल्या तिघांना तीन वेगवेगळ्या योजना सांगतो, प्रत्येकाला गुप्तता राखण्याची ताकीद देतो आणि राणी कोणती योजना ऐकून संतापते याची वाट पाहत बसतो. तिचे उरलेले दोन प्रसंगही असेच, बंद खोलीतले आणि बोलण्यातले होते. कागदावर ड्रॅगन नव्हता, उत्तरेकडची बर्फाची भिंत नव्हती, एकही लढाई नव्हती. आता जॉर्डन यांचे पहिले पुस्तक डोळ्यांसमोर आणावे : खेड्यात वाढलेली काही तरुण मुले, त्यांच्या मागे लागलेले अर्धे पशू आणि अर्धे मानव असे ट्रॉलॉक, आणि जीव मुठीत धरून गावोगाव चाललेला प्रवास. तिला दरबार हवा होता आणि मी तिला लांबची वाट दिली होती.

दुसरी पायरी : आवड नेमकी कशात आहे ते ओळखणे

लिहिलेल्या प्रसंगांतून जादू, ड्रॅगन आणि तलवारी क्षणभर बाजूला काढून पाहाव्यात. मागे जे उरते त्यावर आपली खरी भिस्त असते. काहीच उरले नाही, तर आपल्याला जादूच आवडली होती, आणि हेही कळणे उपयोगाचेच आहे.

निवेदनाची तऱ्हा ही मराठी वाचकाला सर्वांत चटकन ओळखता येणारी खूण आहे, कारण त्या बाबतीत शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) आपला कान आधीच तयार केलेला असतो. त्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आळीपाळीने बोलतात आणि तीच घटना प्रत्येकाच्या तोंडून निराळी होते. मार्टिन यांच्या प्रकरणांना पात्रांची नावे दिलेली असतात आणि प्रत्येक प्रकरण त्या एका पात्राला जेवढे दिसते व कळते तेवढेच सांगते; निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी वाचनाचा आनंद बराचसा त्याच जातीचा असतो. ज्यांना हे कोन बदलणे भावले, त्यांनी पुढच्या मालिकेतही अनेक दृष्टिकोन आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे.

याउलट 'मृत्युंजय'मधले इतर कोणीही लक्षात न राहता केवळ कर्णच मनात घर करून राहिला असेल, तर रॉबिन हॉब यांच्या 'असॅसिन्स अप्रेंटिस'कडे (१९९५) वळावे. युवराजाचा अनौरस मुलगा, ज्याला राजवाड्याच्या अश्वशाळेचा प्रमुख वाढवतो, ज्याला घराण्याचे रक्त आहे पण घराण्यात जागा नाही, आणि जो आपली कथा स्वतःच्याच तोंडाने सांगतो : हे वाचताना अधिरथाच्या घरी वाढलेला कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. हॉब यांनी महाभारत डोळ्यांसमोर ठेवले होते असे मला मुळीच सुचवायचे नाही. वाचकाची ओढ कोणत्या ठिकाणी लागते, एवढाच येथे मुद्दा आहे.

दुसरी मोठी खूण जादूच्या वागण्याची. काही मालिकांत जादूला हिशेब असतो. ब्रँडन सँडरसन यांच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये (पहिले पुस्तक २००६) काही माणसे धातूचे कण गिळून ते पोटात 'जाळतात' आणि प्रत्येक धातू वेगळी शक्ती देतो. पोलाद जाळले की जवळपासचा धातू आपल्यापासून दूर ढकलता येतो, लोखंड जाळले की तो आपल्याकडे ओढता येतो. परंतु ढकलली जाणारी वस्तू आणि ढकलणारा यांच्यात जो हलका तो हलतो, हेही ठरलेले असते. म्हणून नायिका जमिनीवर एक नाणे टाकते, त्याला खाली रेटते आणि नाण्याला आणखी खाली जायला जागाच नसल्यामुळे स्वतः हवेत उडते. नियम वाचकाला आधी सांगितलेले असल्याने संकटातून सुटका झाली की ती चमत्कारासारखी न वाटता सोडवलेल्या गणितासारखी वाटते. ज्यांना हा आनंद मिळाला, त्यांनी 'हार्ड मॅजिक' हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण शिफारशींमध्ये याच नावाने तो प्रकार ओळखला जातो.

टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) असा कोणताही तक्ता नाही. गँडाल्फ या जादूगाराला काय येते आणि काय येत नाही, हे शेवटपर्यंत पुरते कळत नाही, आणि कळू नये यातच त्याचे गांभीर्य आहे. ज्यांना हा धूसरपणा आवडला त्यांना सँडरसन अनेकदा यंत्राच्या माहितीपुस्तिकेसारखे कोरडे वाटतात. अशा वाचकांनी उर्सुला ली ग्विन यांचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) घ्यावे. तेथे प्रत्येक वस्तूचे एक खरे नाव असते आणि ते ठाऊक असणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. नाम आणि नामी यांचे नाते जपणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटत नाही. पुस्तक दोनशे पानांच्या आसपास संपते, हा आणखी एक लाभ.

सज्जन आणि दुर्जन यांच्यातली रेषा किती ठळक हवी, हेही एकदा ठरवून टाकावे. ती पुसट आवडत असेल तर जो अ‍ॅबरक्रॉम्बी यांची 'द फर्स्ट लॉ' ही त्रयी (२००६ ते २००८) योग्य ठरेल. तिच्यातला एक प्रमुख नायक स्वतः छळ सोसून पुढे छळ करणारा अधिकारी झालेला आहे, आणि त्याचे मनातले कडवट बोलणे वाचताना हसू येते याची आपल्यालाच लाज वाटते. शेवटी न्याय झालाच पाहिजे असे ज्यांना वाटते त्यांनी या वाटेला जाऊ नये.

तिसरी पायरी : घराणे शोधणे

गायकाचा गळा आवडला की आपण त्याचा गुरू कोण आणि त्याचे गुरुबंधू कोण हे विचारतो. लेखकांच्या बाबतीतही हीच चौकशी कोणत्याही यादीपेक्षा अधिक फळ देते, आणि ती करणे अवघड नाही, कारण फॅन्टसीचे लेखक आपले ऋण मुलाखतींत आणि प्रस्तावनांत मोकळेपणाने सांगतात.

मार्टिन यांचेच उदाहरण घ्यावे. टॅड विल्यम्स यांच्या 'द ड्रॅगनबोन चेअर'ने (१९८८) सुरू झालेल्या मालिकेमुळे आपल्याला या प्रकारात लिहावेसे वाटले, असे मार्टिन यांनी सांगितलेले आहे. दुसरा धागा आणखी अनपेक्षित आहे. मोरिस द्र्युआँ या फ्रेंच लेखकाची चौदाव्या शतकातल्या फ्रान्सच्या राजघराण्यावरची सात ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका आहे. तिच्या इंग्रजी आवृत्तीला मार्टिन यांनी प्रस्तावना लिहून तिला मूळचा 'गेम ऑफ थ्रोन्स' म्हटले आहे. मी भाचीला दुसऱ्यांदा जे दिले ते याच मालिकेतले पहिले पुस्तक, 'द आयर्न किंग'. त्यात जादू जवळजवळ नाही आणि ड्रॅगन तर नाहीच, तरी तिने ते पाच दिवसांत संपवले. फॅन्टसी शोधताना फॅन्टसीच्या कपाटाबाहेर पडावे लागते ते असे. दरबारी डाव आवडणाऱ्यांनी मराठीत ना. सं. इनामदार यांची 'झेप' किंवा 'शहेनशहा' उघडून पाहावी; मला तरी ही पुस्तके एपिक फॅन्टसीच्या शेजारी ठेवताना संकोच वाटत नाही.

टॉल्किन यांच्या बाजूने गेले तर गाय गॅव्ह्रिएल के भेटतात. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर 'द सिल्मरिलियन' (१९७७) संपादित करण्याच्या कामी त्यांनी टॉल्किन यांचे पुत्र ख्रिस्टोफर यांना साहाय्य केले होते. त्यांची 'टिगाना' (१९९०) ही एकखंडी कादंबरी आहे, आणि मालिकेला हात घालण्याआधी एखाद्या लेखकाचा स्वर तपासायचा असेल तर अशी एकटी पुस्तके फार सोयीची असतात. सँडरसन यांचे घराणे तर लेखी पुराव्यासह उपलब्ध आहे : जॉर्डन २००७ मध्ये वारले आणि त्यांच्या टिपणांवरून 'द व्हील ऑफ टाइम'चे शेवटचे तीन खंड सँडरसन यांनी लिहून २०१३ मध्ये मालिका पूर्ण केली.

युरोपीय किल्ल्यांचा कंटाळा आलेल्यांना आता निराळी घराणीही उपलब्ध आहेत. केन लिऊ यांची 'द डँडेलियन डायनेस्टी' ही मालिका चीनच्या हान राजवटीच्या उदयाची कथा बेटांच्या जगात नेते, आणि ताशा सुरी यांच्या 'द जॅस्मिन थ्रोन'चे (२०२१) जग भारतीय इतिहास आणि पुराणकथांतून उभे राहिलेले आहे. एन. के. जेमिसिन यांच्या 'द ब्रोकन अर्थ' त्रयीच्या तिन्ही पुस्तकांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे ह्यूगो हा विज्ञानकथा आणि फॅन्टसीसाठीचा पुरस्कार मिळाला. मात्र तिच्यात काही प्रकरणे नायिकेला 'तू' असे संबोधून लिहिलेली आहेत, आणि ती सवय लागेपर्यंत पन्नासेक पाने जातात. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर टॉल्किन यांचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे.

चौथी पायरी : लांबी, क्रम आणि शेवट तपासणे

येथे भावना बाजूला ठेवून हिशेब करावा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सुमारे पावणेपाच लाख शब्दांचे आहे. 'द व्हील ऑफ टाइम'चे चौदा खंड मिळून ४४ लाखांच्या घरात जातात, म्हणजे नऊपटींहून अधिक. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत रोज बसायला जागा मिळून जाऊन-येऊन चाळीस पाने होतात असे धरले (आणि जागा मिळते हे गृहीत धरणे हीच मोठी फॅन्टसी आहे), तरी सुमारे बारा हजार पानांना तीनशे दिवस लागतील. हे भय घालण्यासाठी सांगत नाही. वर्षभराची सोबत हवी असेल तर हीच तिची जमेची बाजू आहे.

मालिका पूर्ण झालेली आहे का, हे पहिला खंड विकत घेण्याआधीच पाहावे. मार्टिन यांचे पाचवे पुस्तक २०११ मध्ये आले आणि सहाव्याची वाट वाचक तेव्हापासून पाहत आहेत. पॅट्रिक रॉथफस यांच्या 'द नेम ऑफ द विंड'ने सुरू झालेल्या त्रयीचे दुसरे पुस्तकही २०११चे आणि तिसरे अद्याप नाही. अर्धवट मालिका वाचूच नये असे माझे मत नाही, कारण रॉथफस यांचे पहिले पुस्तक केवळ भाषेसाठी वाचावे असे आहे. फक्त आपण कशात पाऊल टाकत आहोत हे ठाऊक असावे.

क्रमाबाबत एकच नियम पुरतो : पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने वाचावीत, पूर्वकथा नावाने मागाहून आलेले पुस्तक आधी घेऊ नये. हॉब यांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे, कारण त्यांच्या एकाच जगातल्या सोळा कादंबऱ्या पाच वेगवेगळ्या नावांच्या मालिकांत विभागलेल्या आहेत आणि मधली 'लिव्हशिप ट्रेडर्स' ही त्रयी नायक वेगळा म्हणून गाळली, तर पुढची काही रहस्ये फुकट जातात.

पाचवी पायरी : पुस्तक हातात घेऊन पाहणे

मुंबईत हे काम फोर्टमधल्या पदपथावर, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या विक्रेत्यांकडे, चर्चगेटजवळ सुंदराबाई हॉलमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांत किंवा 'किताबखाना'सारख्या दुकानात उभ्या उभ्या करता येते. पुस्तक तीन ठिकाणी उघडावे. पहिले पान वाचावे, पण त्यावर विसंबू नये, कारण पहिले पान प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. मग मधले, दोन पात्रे बोलत आहेत असे एखादे पान काढावे आणि बोलणाऱ्यांची नावे अंगठ्याने झाकून कोण बोलते आहे हे ओळखता येते का ते पाहावे. शेवटी पुस्तकाच्या टोकाला असलेली वंशावळ आणि शब्दसूची चाळावी. ती वीस पानांची असेल आणि पाहून आनंद वाटला तर पुस्तक आपले. छातीत धस्स झाले तर खाली ठेवावे.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत एक सावधगिरी मी पदरचे पैसे घालवून शिकले आहे. ब्रिटिश प्रकाशक जाड पुस्तके पेपरबॅकमध्ये दोन भागांत विभागतात, आणि आपल्याकडे बहुधा त्याच आवृत्त्या येतात. मार्टिन यांच्या 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स'चे 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड' असे दोन भाग झालेले आहेत, सँडरसन यांच्या 'द वे ऑफ किंग्ज'चेही दोन आहेत. एका पदपथावर विक्रेत्याने "मॅडम, पूरा है" असे छातीठोकपणे सांगितल्यावर मी 'ब्लड अँड गोल्ड' घेऊन गाडीत बसले. भायखळा येईपर्यंत सगळी पात्रे परिचयाची आणि प्रसंग अनोळखी कसे, याचा उलगडा होईना, आणि मग मुखपृष्ठावरचे बारीक अक्षरातले 'भाग दुसरा' दिसले. म्हणून पैसे देण्याआधी शीर्षकाचे पान पाहावे आणि खंड कितवा व भाग कितवा, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. कागद फार पातळ असेल आणि नकाशावरची नावे वाचता येत नसतील तर ती प्रत बहुधा बनावट असते. या प्रकारात नकाशा पुनःपुन्हा उलटून पाहावा लागतो, त्यामुळे तिच्यात स्वस्ताई नसते.

गर्दीच्या वेळी उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी हजार पानांच्या छापील खंडाचा हट्ट सोडून ई-पुस्तक घ्यावे, किंवा वर सांगितलेल्या दोन भागांच्या आवृत्त्या मुद्दाम शोधाव्यात.

सहावी पायरी : इतरांना विचारणे

'हे आवडले तर तेही आवडेल' असे सुचवणारी संकेतस्थळे मुख्यतः इतर वाचकांनी काय काय वाचले यावर चालतात, म्हणून कोणत्याही पुस्तकाखाली तीच पाच-सहा लोकप्रिय नावे येतात. त्यापेक्षा गुडरीड्स या वाचकांच्या परीक्षणांच्या संकेतस्थळावर तीन तारे देणाऱ्यांची परीक्षणे वाचावीत. पाच तारे देणारा हरखलेला असतो, एक देणारा चिडलेला; तीन देणारा काय जमले आणि काय खटकले हे नीट सांगतो, आणि त्याला जे खटकले तेच आपल्या कागदावर आवड म्हणून लिहिलेले असण्याचा संभव बराच असतो. 'फार बोलतात, काही घडत नाही' ही तक्रार वाचून मी भाचीसाठी दोन पुस्तके निवडली आहेत. माणसांना विचारतानाही 'मार्टिनसारखे सुचवा' असे न म्हणता आपला प्रसंग सांगावा : दरबारात एकमेकांना फसवणारी माणसे हवीत, लढाया कमी चालतील, मालिका पूर्ण झालेली असावी.

सुरुवात केल्यावर किती पाने थांबावे, याविषयी मी शंभर पानांची मुदत पाळते. अपवाद स्टीव्हन एरिक्सन यांच्या दहा खंडांच्या 'मलाझन बुक ऑफ द फॉलन'चा. एरिक्सन पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक आहेत, आणि ते वाचकाला उत्खननाच्या मध्येच उतरवतात. कोण कोणाच्या बाजूने आहे हे पहिल्या खंडात स्वच्छ कळत नाही आणि ते तसेच अभिप्रेत आहे. नव्या वाचकाने ही मालिका तिसरी किंवा चौथी म्हणून घ्यावी, पहिल्यानंतर लगेच नव्हे. सोडून दिलेले पुस्तकही वहीत नोंदवावे आणि कोणत्या पानावर व का सोडले हे एका ओळीत लिहावे, कारण पुढच्या निवडीला आवडलेल्या यादीइतकीच ही यादीही लागते. भाचीच्या वहीत जॉर्डन यांच्या नावापुढे 'पान २०४, अजून चालतच आहेत' असे लिहिलेले आहे. द्र्युआँ यांचे चौथे पुस्तक तिच्याकडे सध्या आहे आणि पाचवे मला अजून कोठे मिळालेले नाही.